तेरा दिवस की तीस

आमच्याकडे ‘लाईट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा. पावसाळ्यात वारा सुटला की जाते ती लाईट. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते आणि केंद्राची चिमणी जिथून दिसते तिथल्या पाड्यांवर रात्री चिमणीच पेटवावी लागायची. हा आमच्या भागातला जुना विनोद. आता त्यावर कुणी फारसं हसत नाही.

दुसरा अर्थ मी डहाणू लोकलमध्ये ऐकला. हिवाळ्यातली पहाट, डब्यात भाजीच्या पाट्या, चिकूचे करंडे आणि अर्धवट झोपेतली माणसं. समोरच्या बाकावर तलासरीकडचे एक गृहस्थ, त्यांच्या मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एक डोळा आत वळलेला. पायाशी मोठी प्लास्टिकची पिशवी आणि त्यात फोटोंची पाकिटं. परळला चाललोय म्हणाले. पोरीला लाईट द्यायची आहे, तीस दिवस, दादरला धर्मशाळेत जागा मिळाली आहे. रेडिएशनला महाराष्ट्रभर लोक लाईट म्हणतात, कुठे शेक म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग त्यांनी माझ्या चष्म्याकडे आणि लॅपटॉपच्या बॅगेकडे बघून विचारलं, लाईट दिली की बरी होईल ना?

मी म्हणालो, होईल.

त्या मुलीला नेमकं काय झालं होतं ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, आणि त्यांनी तरी मला का सांगावं? कदाचित ती खरंच बरी झाली असेल. लहान मुलांचे कितीतरी कॅन्सर बरे होतात आणि लाईटचा त्यात मोठा वाटा असतो. पण तो ‘होईल’ माझ्या डोक्यात अडकून राहिला. म्हणून वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका अशा आजारापाशी आलो की तिथे लाईट तर देतात, पण बरं करण्यासाठी नाही.

त्या आजाराचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर डीआयपीजी म्हणतात. मेंदू आणि मणक्याला जोडणारा जो देठ असतो त्यात ही गाठ होते. गाठ म्हणणंही चूक, कारण ती पिठात मीठ कालवावं तशी निरोगी पेशींमध्ये मिसळलेली असते. कापून काढता येत नाही. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, चालताना तोल, सगळ्याचे दोरे त्या देठातून जातात. बहुतेक मुलं पाच ते दहा वर्षांची असतात. आधी डोळा तिरळा होतो, मग चालताना पाय भरकटतो, घास अडकतो. निदानानंतर निम्म्याहून जास्त मुलं वर्षभरही काढत नाहीत. दोन वर्षांनंतर दहातलं एखादं उरतं, तेही नेहमी नाही.

नील आर्मस्ट्राँगची मुलगी याच आजाराने गेली. चंद्रावर जाण्याच्या सात वर्षं आधी, जानेवारी १९६२ मध्ये. कॅरन तिचं नाव, तिसरा वाढदिवसही तिने पाहिला नाही. १९६१ च्या उन्हाळ्यात तिला लॉस एंजेलिसमध्ये सात आठवडे रेडिएशन दिलं. ती पुन्हा रांगू लागली, पुन्हा चालू लागली. मग सगळं परत आलं. साठ वर्षं होऊन गेली. औषधांवर काम चालू आहे, काही मुलांना त्यांचा उपयोग होतो असंही दिसू लागलंय. तरी निदान झाल्यावर डॉक्टर पहिल्यांदा जे हातात घेतात ते आजही रेडिएशनच.

आणि ते लागू पडतं. ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण ‘वाचणार नाही तर मग पोराचे हाल कशाला’ असं म्हणणारे आपल्या घराघरांत असतात. लाईट दिल्यावर बहुतेक मुलांचा डोळा सरळ होऊ लागतो, ती पळू लागतात, हाताने जेवतात, शाळेत जातात. हे काही महिने चालतं. कुणाला चार, कुणाला आठ. ते महिने खोटे नसतात. सात वर्षांच्या मुलीला विटीदांडू खेळता येणं ही तिच्या हिशेबात छोटी गोष्ट नव्हे.

पण आईबापाला मात्र ते महिने खोटं बोलतात. पोरगी रोज सुधारते आहे, हे डोळ्यांना दिसत असताना डॉक्टर कोपऱ्यात घेऊन काही तरी वेगळं बोलले होते, ते कोण लक्षात ठेवील? आणि ते बोलणं पोचलं तरी कसं? मोठ्या इस्पितळात फाईलवर ‘पॅलिएटिव्ह’ असं लिहिलेलं असतं. त्याचं पुस्तकी मराठी ‘उपशामक’. हा शब्द मी मराठी शाळेत शिकूनही कधी तोंडाने उच्चारला नव्हता. डॉक्टर तो इंग्रजीत विचार करून हिंदीत सांगतात, बाप तो मराठीत ऐकतो आणि पाड्यावर गेल्यावर बायकोला वारलीत सांगतो. चार भाषांच्या या प्रवासात ‘आराम पडेल’ एवढंच शिल्लक राहतं. मराठीत आराम पडणं म्हणजे बरं होणंही असतं. खोटं कुणीच बोललं नाही, तरी शेवटी निरोप खोटाच पोचला.

आता एका मुलीची कल्पना करा. ही लोकलमधली नव्हे, हिला मी मनाने बनवलं आहे. तलासरी तालुक्यातला, हायवेपासून आत असलेला पाडा. बाप दिवाळीनंतर वसईकडे वीटभट्टीवर जातो, पावसाळ्यात घरच्या भाताला परततो. धाकटा भाऊ चार वर्षांचा. मुलीला डीआयपीजी आहे. आधी भगत झाला, मग ग्रामीण रुग्णालय, मग कुणी वापी म्हणालं, कुणी सिल्वासा, कारण तलासरीच्या माणसाला मुंबईपेक्षा गुजरात जवळ. शेवटी टाटा मेमोरियल. पैशाचा प्रश्न काही अंशी सरकारी योजनेने सुटला असं धरू. उरला दिवसांचा.

नेहमीची पद्धत अशी: ५४ ग्रे एवढं रेडिएशन तीस भागांत वाटून द्यायचं, आठवड्याला पाच, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे सहा आठवडे. रोजची प्रत्यक्ष लाईट काही मिनिटांची, त्यात काही दुखत नाही. पण अजिबात हलायचं नाही. त्यासाठी गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात, तो थंड होऊन कडक झाला की टेबलाला अडकवतात. जाड भिंतींच्या खोलीत मुलगी एकटी. आई बाहेर, कॅमेऱ्यातून बघत. काही ठिकाणी मुखवट्यावर वाघ, मांजर रंगवून देतात, म्हणजे भीती कमी होते. फारच लहान मूल असेल तर रोज भूल द्यावी लागते, आणि भूल द्यायची तर सकाळी उपाशी ठेवावं लागतं. तीस दिवस लाईट म्हणजे तीस उपाशी सकाळी.

दुसरी पद्धत ३९ ग्रेची, तेरा भागांत. रोजचा डोस मोठा, दिवस कमी. कैरोच्या मुलांच्या कॅन्सर इस्पितळात यावर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला. ७१ मुलं, निम्म्यांना तेरा, निम्म्यांना तीस. तेरावाल्यांचं आयुष्य किंचित कमी भरलं, पण तो फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच होता. नंतर त्याच इस्पितळाने याहून मोठी चाचणी केली, तिच्यात कमी दिवसांची पद्धत मागे पडली नाही. मला यातली विशेष गोष्ट वाटते ती गावाच्या नावाची. हा प्रश्न गर्दीच्या, लांबून लांबून येणाऱ्या रोग्यांच्या कैरोने एवढा लावून धरला. मशीन घरापासून अर्ध्या तासावर असेल तर तीस दिवस म्हणजे शाळा सुटल्यावरची तीस दुपारची चक्कर. तिथे तेरा की तीस हा वैद्यकीय बारकावा आहे.

तलासरीहून तो बारकावा राहत नाही. पाड्यावरून नाक्यापर्यंत चालत, नाक्यावरून कोंबून भरलेल्या जीपने डहाणू रोड, तिथून दादरपर्यंत अडीच-तीन तास लोकल. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, त्याआधी तर मोजक्या गाड्याच होत्या. तिरळ्या डोळ्याच्या, उलट्या होणाऱ्या मुलीला घेऊन हे रोज होत नाही. म्हणून मुक्काम मुंबईतच. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, नाहीतर कुठली संस्था, नाहीतर परळचा फूटपाथ. एक पालक तिच्याबरोबर, बहुधा दोघंही, कारण एकटीला मुंबईत वावरता येत नाही. धाकटा आजीकडे. हे आवणीच्या दिवसांत आलं तर शेत पडीक, भट्टीच्या दिवसांत आलं तर मुकादमाची उचल अंगावर. समजा मुलीला नऊ महिने आहेत. साधारण २७० दिवस. त्यातले बेचाळीस द्यायचे की सतरा?

तर मग तेराच द्या, सोपं आहे, असं मलाही वाटलं होतं. मित्राला सांगितलं, तो सार्वजनिक आरोग्यात काम करतो. तो म्हणाला, म्हणजे गरिबाला अर्धं तिकीट?

त्याचा मुद्दा मी बरेच दिवस खोडू शकलो नाही. आदिवासी भागाशी आपण नेहमी असंच वागलो आहोत. डॉक्टर नाही तर कंपाउंडर चालेल, वर्गखोली नाही तर झाड चालेल, त्यांना तेवढं पुरतं. उद्या ‘लांबून येतात बिचारे’ या दयेपोटी तेरा हा आकडा तलासरीच्या, जव्हारच्या, गडचिरोलीच्या मुलांच्या नावापुढे आपोआप लिहिला जाऊ लागला आणि दादरच्या मुलाला तीस, तर ती दया नव्हे. पुढे कधी असं दिसलं की तीस दिवसांनी दोन महिने जास्त मिळतात, तर ते दोन महिने कुणाचे गेले असतील हे सांगायला नको.

पण उलट बाजूनेही बघा. सगळ्यांना सारखेच तीस, ही समानता कागदावर छान दिसते. दादरची मुलगी ते तीस दिवस रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपते. तलासरीची मुलगी बेचाळीस रात्री अनोळखी माणसांच्या खोकल्यात झोपते. यंत्रातून दोघींना सारखंच मिळालं, आणि यंत्राबाहेर एकीचा दीड महिना कापला गेला. मला आता असं वाटतं की प्रश्न आकड्याचा नाहीच. जो पर्याय तलासरीच्या बापापुढे ठेवला तोच, त्याच शब्दांत, तेवढाच वेळ देऊन दादरच्या बापापुढेही ठेवला का, एवढंच पाहावं. दोघांना सांगितलं की ही लाईट बरं करणार नाही, काही चांगले महिने देईल, ती दोन तऱ्हांनी देता येते, लांब तऱ्हेने आयुष्य वाढतं असं ठाम दिसलेलं नाही, तर मग कुणी काय निवडलं याची मला चिंता नाही. तलासरीच्या बापाने तीस निवडले तरी. माणसाला नंतर जगायचं असतं, आणि ‘सगळं केलं’ हे वाक्य त्याला लागतं. ते हिशेबात धरायचं नाही असं मी म्हणणार नाही.

न सांगताच निवडलं तर मात्र, तेरा असो की तीस, ते दिवस आपण चोरले.

यात एक जण राहूनच गेलं. जिचे दिवस आहेत तिला कुणी विचारलं?

भारतात वैद्यकीय संशोधनाचे नियम आहेत, आयसीएमआरचे. २०१७ च्या नियमांनुसार संशोधनात घ्यायचं मूल सात वर्षांपुढचं असेल तर आईबापाच्या सहीखेरीज त्याची स्वतःची तोंडी संमती लागते, बारापुढे लेखी. म्हणजे तेरा की तीस यावर आपल्याकडे चाचणी चालू असती तर आपल्या मुलीला कुणी तरी समोर बसवून, तिला कळेल अशा भाषेत समजावून विचारलं असतं. पण हा नुसता उपचार आहे. उपचाराला बापाचा अंगठा पुरतो. तिच्यापासून काही शिकायचं असेल तरच तिला विचारणं बंधनकारक, तिचं भलं करायचं असेल तर नाही. मला यात कायद्याची चूक दाखवायची नाही, फक्त ही गोष्ट विचित्र आहे हे कुणी तरी म्हणायला हवं.

विचारायचं म्हणजे मुलीला सांगायचं का, तू मरणार आहेस? इथे आपल्या सगळ्यांचा हात थांबतो. माझाही. पण आपण जे लपवतो ते खरंच लपलेलं असतं का? मायरा ब्लूबाँड-लँगनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई अमेरिकेतल्या एका इस्पितळात ल्युकेमियाच्या मुलांसोबत महिनोन्‌महिने राहिल्या. तेव्हा ल्युकेमिया बहुतेक बरा होत नसे. मुलं तीन ते नऊ वर्षांची. त्यांचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं की मोठ्या माणसांनी न सांगताही मुलांना सगळं कळत होतं. शेजारच्या खाटेवरचा मुलगा कुठे गेला, आपली औषधं का बदलली, आई बाथरूममधून डोळे धुऊन का येते, यावरून. आणि कळल्यावर मुलं गप्प बसत. आईबापाला त्रास होऊ नये म्हणून, आपल्याला काहीच ठाऊक नाही असं दाखवत. लपवाछपवी दोन्ही बाजूंनी चालू, आणि त्यात अधिक कसलेली बाजू मुलांची.

स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गेलेल्या आईबापांना काही वर्षांनी विचारलं, तुम्ही मुलाशी मृत्यूबद्दल बोलला होतात का? हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. १४७ जण बोलले होते, त्यांतल्या एकालाही पश्चात्ताप नव्हता. जे बोलले नव्हते त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकाला होता. स्वीडन म्हणजे तलासरी नव्हे, हे मान्य. पण तलासरीत हे जास्तच अवघड असेल असं आपण का धरून चालतो? पाड्यावर आजोबा घरातच जातात, मुलं तिथेच असतात, शेळीचं करडू मेलं तरी त्यांच्यादेखत. मरण दाराआड करायची सवय शहराची आहे. मुलीसमोर काही बोलू नका, हे आपण त्या बापाला इस्पितळाच्या व्हरांड्यात शिकवतो. मीही लोकलमध्ये तेच केलं. फक्त त्या मुलीसमोरच नव्हे, बापासमोरही.

लाईट संपल्यानंतरचं थोडं सांगतो, कारण त्यावर बोललंच जात नाही. चांगले महिने सरले की आजार परततो, आणि तेव्हा परळ खूप लांब असतं. डोकं दुखतं, गिळता येत नाही, स्टेरॉइडने चेहरा सुजतो. दुसऱ्या काही कॅन्सरांत हाडं दुखतात. तिथे ८ ग्रेची एकच लाईट, एकाच दिवशी देऊन बहुतेकांचं दुखणं अनेक दिवसांच्या लाईटइतकंच कमी होतं, हे मोठ्यांवरच्या चाचण्यांत पक्कं झालं आहे. सकाळी जाऊन मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी. लांबून येणाऱ्याला याहून मोठी गोष्ट नाही. त्याउपर मॉर्फिन. अफूपासूनचं म्हणून १९८५ च्या कायद्याने ते इतकं बांधून टाकलं होतं की डॉक्टर हात लावायला घाबरत. २०१४ मध्ये कायदा सैल केला. पण कायदा सैल झाला म्हणून बाटली पाड्यावर पोचत नाही.

आपल्याच जिल्ह्यात एकदा हा प्रयत्न झाला आहे. २०१० पासूनची काही वर्षं, पालघर तेव्हा ठाण्यात होतं. टाटा मेमोरियल आणि इतर संस्थांनी महाराष्ट्रात मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्प चालवला, त्यातलं एक केंद्र मुंबईच्या सायन रुग्णालयात आणि एक जव्हारच्या कुटीर रुग्णालयात. जव्हारला! तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाहीत म्हणून कायम बातमीत असलेल्या तालुक्यात. मूल मरणाच्या दारात असताना ते मुंबईला न्यायच्या ऐवजी मुंबईने थोडं त्याच्याकडे यायचं, ही कल्पना तिथे रुजू शकते एवढं तरी कळलं. तारापूरचं अणुवीज केंद्र या जिल्ह्यात १९६९ पासून आहे. टाटा मेमोरियल १९६२ पासून त्याच अणुऊर्जा खात्याखाली आहे. अणू आमच्या दारात इतक्या लवकर आला, म्हणून हे लिहून ठेवतो. बाकी काही नाही.

लोकलमधले ते गृहस्थ पुन्हा भेटले तर काय म्हणेन, याचा सराव मी अनेकदा केला आहे. ‘नाही होणार’ असं म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, मला काहीच माहीत नव्हतं. ‘होईल’ म्हणण्याचाही नव्हता. बहुतेक मी म्हणायला हवं होतं की बाबा, आज डॉक्टरांना एवढं विचारा, ही लाईट बरं करायला आहे की आराम पडायला? आणि आराम पडायला असेल तर कमी दिवसांत होते का? दोन प्रश्न. पालघर येईपर्यंत पाठ झाले असते.

आणि मनाने बनवलेल्या त्या मुलीला? तिला मरणाबद्दल विचारायची हिंमत होणार नाही, पण तिला काय हवंय हे विचारता येईल. डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते, पंधरा दिवस चालते, तलासरीची पोरं वर्षभर तिची वाट बघतात. पाळणा, शेवखाजा, फुगे. ती म्हणेल, जत्रेच्या आधी घरी येऊ ना? या प्रश्नाला डॉक्टर खरं उत्तर देऊ शकतात. सोमवारी सुरू केलं तर तेरावी लाईट तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी येते. गुरुवारी सकाळची लोकल पकडली तर दुपारपर्यंत डहाणू.